करंगळीवर उचलायचा लॅपटॉप

प्रिय (हे ताईच्या भीतीने) आणि आदरणीय (हे आईच्या भीतीने) दाजींना,

लांबूनच वाकून नमस्कार. जवळ येऊन करायचा होता, पण तुम्हीच म्हणालात की उंबऱ्याच्या आत दिसलास तर बघ. फोन करावा तर तुम्ही माझा नंबर ब्लॉक केलाय. शेवटी आईकडून निरोप आला की दाजींना लेखी माफीनामा हवाय, नीट अक्षरात, म्हणजे ते तो मॅनेजरला नेऊन दाखवतील आणि तुला परत शोरूममध्ये चिकटवतील. तर दाजी, हाच तो माफीनामा. माफी आत कुठेतरी आहे, वाचत राहा, सापडेल. अक्षराचं मात्र काही होणार नाही. शाळेने मला सोडलं की मी शाळेला, यावर घरात अजून वाद आहे, त्यात अक्षर कुणाकडे राहिलं ते बघायला वेळ मिळाला नाही.

तब्येत कशी आहे? इकडे सगळे ठीक. आई माझ्याशी बोलत नाही, त्यामुळे घरात शांतता आहे. तुमची कंबर कशी आहे? ताईचा जुना सीपीयू तुम्ही भंगारात द्यायला स्वतः उचलून जिन्यावरून खाली नेलात, तेव्हापासून उठताबसता हात कमरेवर जातो असं ऐकलं. गरम पाण्याच्या पिशवीने शेकत जा, आणि खुर्चीत बसताना मागे उशी घ्या. (कंबरेची चौकशी मी उगाच करत नाहीये. पुढे तिचा संबंध येणार आहे.) अॅसिडिटी कमी असेल अशी आशा आहे. पत्र वाचून होईपर्यंत तरी.

आता मूळ मुद्दा. तुम्ही मला शोरूमला लावलंत, त्याबद्दल मी तुमचे उपकार मानतो. मॅनेजर तुमचे कॉलेजचे दोस्त, तुम्ही शब्द टाकलात, आणि मला निळा टी-शर्ट मिळाला. पहिल्याच दिवशी मॅनेजरांनी मला काउंटरच्या मागे नेऊन धंद्याचं गुपित सांगितलं. ते गुपित असं. काचेसमोर जो लॅपटॉप चालू असतो, चमकत असतो, त्याला तार लावून टेबलाला बांधलेलं असतं, तो उचलता येत नाही. त्याच्या शेजारी तसाच दुसरा असतो, तो मोकळा. तो डमी. वरून हुबेहूब, स्क्रीनच्या जागी डोंगराचं स्टिकर, आणि आत हवा. नुसतं प्लास्टिकचं टरफल. गिऱ्हाईक आलं की त्याला चालू लॅपटॉप दाखवायचा, आणि बोलता बोलता डमी त्याच्या हातात द्यायचा. 'उचलून बघा' एवढंच म्हणायचं. हा खरा आहे असं म्हणायचं नाही, खोटा आहे असंही म्हणायचं नाही. मॅनेजर स्वतः तर एक पाऊल पुढे, ते डमी करंगळीवर उचलायचे आणि म्हणायचे, सगळं ऑफिस एका करंगळीवर. बायका हसायच्या, पुरुष खिशात हात घालायचे. मला रोज सकाळी शटर उघडलं की आरशासमोर करंगळीची प्रॅक्टिस करायला लावायचे. दाजी, मी आयुष्यात अनेकांना शेंडी लावली, पण पगार घेऊन, गणवेश घालून, पंख्याखाली उभं राहून पहिल्यांदाच लावत होतो. मनाला कसं प्रतिष्ठित वाटायचं.

तिथे उभं राहून मला हा बाजार समजला. तुम्ही मला नेहमी म्हणता ना, की काहीतरी शीक, तर हे शिकलो. शोरूमच्या मागच्या बाजूला, पाण्याच्या कूलरपाशी, जाडे लॅपटॉप ठेवलेले असतात. त्यांना सगळ्या वायरींसाठी भोकं आहेत, सीडी घालायची जागा आहे, बॅटरी खटकन निघते, बिघडला तर स्क्रू काढून उघडता येतो. ते स्वस्त. त्यांच्याकडे कुणी बघत नाही, पाणी प्यायला आलेला माणूस ग्लास मात्र त्यांच्यावर ठेवतो. पुढे काचेत पातळ. सीडीची जागा काढली, महाग झाला. भोकं बुजवली, अजून महाग. बॅटरी आत चिकटवून टाकली, उघडायची सोयच ठेवली नाही, आता तर विचारूच नका. म्हणजे जितकं काढून घ्याल तितकी किंमत वर. या हिशोबाने सगळ्यात महाग आमचा डमीच असायला हवा, पण तेवढी हिंमत अजून कंपनीत आलेली नाही. आणि भोकं बुजवली ती कायमची नाही बरं का. ती शेजारच्या रॅकवर वेगळी विकायला ठेवलेली असतात, हब म्हणून. आधी माणसाच्या घराची दारं काढून घ्यायची आणि मग त्याला दारं विकायची. (हे मी एका गिऱ्हाइकाला सांगितलं होतं. त्यांनी हब घेतला नाही, मॅनेजरांनी माझा चहा बंद केला.)

तिथे काउंटरखाली एक अगदी छोटासा जुना लॅपटॉप पण आहे, वहीएवढा. एके काळी छोटा म्हणजे गरिबाचा असं होतं म्हणे. ज्याला मोठा परवडत नाही तो छोटा घ्यायचा, सावकाश चालायचा, पण चालायचा. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की याच छोट्याला चपटा करू, चकाकी देऊ, आणि ज्याला मोठा सहज परवडतो त्याच्या गळ्यात मारू. झालं. तेव्हापासून छोटा मोठ्यांचा झाला. तो जुना बिचारा काउंटरखाली पडून आहे, टेबल डुगडुगू नये म्हणून पायाखाली सरकवलेला. त्याच्याकडे बघून मला आपल्या घराण्याची आठवण यायची. आपल्या म्हणजे माझ्या, तुमच्या नाही.

मग एका रविवारी तुम्ही ताईला घेऊन आलात. मी दारातच होतो, पण तुम्ही मला ओळख दाखवली नाहीत (गणवेशात मी ओळखू येत नसेन, असं मी समजून घेतलं). ताईच्या हातात तिच्या भरतकामाच्या मशीनची ती रुंद तोंडाची जाडी केबल होती, पिशवीत घालून आणलेली. तिला एवढंच विचारायचं होतं की ही यात कुठे लागते. कारण तिचं सगळं काम त्यावर. शाळांचे बॅज, दवाखान्याच्या एप्रनवरची नावं, गणवेशवाल्या बाईंकडून येणारी ऑर्डर. डिझाइन सीपीयूमध्ये, धागा मशीनमध्ये, आणि मधे ती केबल. तुम्हाला ते सगळं धूड घरात नको झालं होतं, बाहेरच्या खोलीत पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही म्हणून. ताईने मॅनेजरना केबल दाखवली. मॅनेजर केबलकडे असं बघायला लागले की जणू तिने पिशवीतून घोरपड काढली. म्हणाले, "वहिनी, आता सगळं वायरलेस असतं." ताई म्हणाली, "मशीन वायरलेस नाहीये ना पण." त्यावर तुम्ही म्हणालात, "अगं तू गप्प बस जरा, त्यांना कळतं." आणि मॅनेजरनी डमी तुमच्या करंगळीवर ठेवला.

दाजी, तुमचा तेव्हाचा चेहरा मला अजून आठवतो. लग्नात ताईने हार घातला तेव्हासुद्धा तुम्ही इतके खूश दिसला नव्हतात. मी मागून डोळे मोठे करून बघितलं, खोकलो, स्टिकरच्या डोंगराकडे बोट केलं. तुम्ही म्हणालात, "याला सर्दी झालीय का?" मॅनेजरनी मला गोडाउनमध्ये पाठवलं. बाहेर आलो तेव्हा खरा लॅपटॉप खोक्यात बंद झाला होता आणि ताई केबल गुंडाळून पिशवीत परत ठेवत होती. हळू, सावकाश, एकेक वळसा.

घरी गेल्यावर तुम्ही म्हणालात की दुकानात याच्यापेक्षा हलका वाटला होता, बहुतेक चार्जरचं वजन असेल. असेल. मग केबल लागेना. मग तुम्ही हब आणलात. मग हबला केबल लागली पण लॅपटॉपला मशीन दिसेना, कारण ताईचं ते जुनं सॉफ्टवेअर त्याच्यावर चालतच नाही. तुम्ही म्हणालात, सॉफ्टवेअर जुनं आहे ही सॉफ्टवेअरची चूक. मग तुम्हाला अक्षरं बारीक दिसायला लागली, म्हणून सीपीयूची मोठी स्क्रीन काढून त्याला जोडलीत, मॅच पण मोठी दिसते म्हणून. बटणं बोटाला टोचतात म्हणून वेगळा कीबोर्ड. मग माउस. मग लॅपटॉप तापतो म्हणून त्याच्याखाली पंखेवाला स्टँड. आता बाहेरच्या खोलीत पूर्वी जेवढी जागा भरली होती त्याच्याहून जास्त भरलीय, आणि त्या सगळ्या पसाऱ्याच्या मधोमध, वायरींच्या जाळ्यात, तो हलका लॅपटॉप बसलाय. हलका घेतला तो उचलायला. आणल्यापासून त्या टेबलावरून किती वेळा उचललात, ते एकदा मनाशी आठवून बघा. मला सांगू नका, मी काही तुमचा मॅनेजर नाही.

ताईने गणवेशवाल्या बाईंना फोन करून सांगितलं, थोडे दिवस थांबा, माझं यंत्र बंद आहे. ती रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं, मग मीही काहीतरी विनोद केला असता. तिने फक्त मशीन आतल्या खोलीत सरकवलं आणि त्याच्यावर चादर टाकली, सोफ्यावर टाकतात तशी. तुम्ही म्हणालात, "एवढं काय त्यात, हौसच होती तुझी." आणि दोन-चार दिवसांनी म्हणालात की आता तो सीपीयू नुसता धूळ खातोय, भंगारवाल्याला बोलावतो. बोलावलंत. दिलात. मी त्या विषयावर इथे काही बोलत नाही.

आता तो दिवस, ज्याच्याबद्दल माफी मागायची आहे. सकाळी शोरूममध्ये मीटिंग असते, सगळे निळे टी-शर्ट गोल करून उभे राहतात आणि मॅनेजर विक्रीच्या गोष्टी सांगतात. त्या दिवशी त्यांनी तुमची सांगितली. नाव घेतलं नाही, माझा एक दोस्त म्हणाले. त्याची बायको ही एवढी केबल घेऊन आली आणि विचारते कुठे लावू, मी दोस्ताच्या करंगळीवर डमी ठेवला आणि विषय संपवला. असं करून दाखवलं त्यांनी, ताईने केबल धरली होती तशी धरून. सगळे हसले. मी पण हसलो, दाजी. नोकरीत होतो ना. मग दुपारी जेवायच्या सुट्टीत मी डमी घेऊन मागच्या गल्लीत गेलो, जिथे बांधकाम चालू आहे. टरफलाचे स्क्रू काढले (तेवढं बरं, डमी तरी उघडतो), आत बारीक वाळू भरली, वाळूत नट-बोल्ट रोवले, आवाज होऊ नये म्हणून चहूकडून फोम दाबला, बंद केला आणि परत जागेवर ठेवला. डोंगर पहिल्यासारखाच हसत होता.

मला वाटलं होतं संध्याकाळपर्यंत मॅनेजर उचलतील, दचकतील, मला शिव्या देतील, संपेल. पण त्याच दुपारी कंपनीचे मोठे साहेब आले, दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं. मॅनेजरना चेव आला. त्यांनी सगळ्यांना गोळा केलं, बाही सारली, करंगळी डमीखाली घातली आणि म्हणाले, "सगळं ऑफिस एका..." पुढचं वाक्य त्यांच्या तोंडातच राहिलं. करंगळी गेली एकीकडे, ऑफिस दुसरीकडे. डमी साहेबांच्या बुटाच्या बाजूला आपटून फुटला, आणि चकचकीत फरशीवर वाळूचा ढीग, वर नट-बोल्ट. मग एक आजी पुढे झाल्या, चष्मा वर केला, म्हणाल्या, "बाई, यात वाळू घालतात?" आणि मॅनेजर, दाजी, तुमचे दोस्त, भर दुकानात छातीवर हात ठेवून ओरडले, "नाही हो, देवाशपथ, आमच्या यात आत काहीच नसतं."

बस. त्यानंतर कुणी काही घेतलं नाही. एक माणूस आधी घेतलेला खोका घेऊन परत आला आणि म्हणाला, उघडून दाखवा. आता लॅपटॉप उघडणार कसा, चिकटवलेला. माझ्या नखांत वाळू दिसली आणि मला तिथेच टी-शर्ट काढून द्यायला लावला, आत बनियन होता म्हणून बरं. संध्याकाळी तुम्ही आमच्याकडे येऊन आईसमोर म्हणालात की याने माझं नाक कापलं. नाक तुमचं, करंगळी मॅनेजरांची, नोकरी माझी, बूट साहेबांचा. जिची केबल होती तिचं नाव कुणी घेतलं नाही.

तर माफी. मॅनेजरांच्या करंगळीची मी मनापासून माफी मागतो. तिची काही चूक नव्हती, तिला जे सांगितलं ते ती करत होती. साहेबांच्या बुटाची मागतो. त्या आजींची मागत नाही, त्यांना मजा आली. मॅनेजरांची मागायला बसलो होतो, तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं, खालचे काळे फराटे तेच आहेत. शोरूममध्ये परत घेतील तर येईन का असं आईने विचारलं. कूलरपाशी उभं करणार असतील तर येईन. काचेपाशी नाही.

बाकी ऐकतो की ताईचं मशीन पण या रविवारी कुणीतरी बघायला येणार आहे, विकून टाकणार आहात, कारण ते 'नुसतं पडून आहे', आणि त्या खोलीत तुमचं ऑफिस होणार आहे. तुमचं घर आहे, मी कोण बोलणारा. मी त्यात पडत नाही.

कंबर सांभाळा. थोरांना नमस्कार, लहान कुणी नाहीच.

तुमचा (अजून तरी)
मेव्हणा

ता. क. मी त्यात पडतो. कंबरेपासून सुरू करतो. तुम्ही जिन्यावरून उतरवलात तो सीपीयू सीपीयू नव्हता. आदल्या रविवारी तुम्ही आंघोळीला गेलात (तुमची आंघोळ म्हणजे मला निवांत वेळ), तेव्हा मी आतलं सगळं काढून घेतलं आणि त्यात तुमच्याच बाल्कनीतल्या जुन्या फरशीचे तुकडे भरले, वजन लागावं म्हणून. भंगारवाले काका माझ्या ओळखीचे, त्यांना आधी सांगून ठेवलं होतं. तुम्ही त्यांच्याशी काट्यावरून भांडलात, म्हणालात नीट तोला, माल जड आहे. ते म्हणाले अख्ख्या बाजारात आमचाच धंदा सरळ, आमच्याकडे जड ते महाग. फरशा परत हव्या असतील तर त्यांच्याकडे आहेत.

आणखी ता. क. आतलं सगळं मी एका फळीवर स्क्रूने बसवून ताईच्या कपाटात खालच्या कप्प्यात ठेवलंय, अस्तराच्या ताग्यांमागे. तुम्ही ते कपाट लग्नानंतर एकदाही उघडलेलं नाही, त्यामुळे माझ्या दृष्टीने बँकेच्या लॉकरपेक्षा ते सुरक्षित होतं. केबल त्यालाच लागलीय. रोज सकाळी तुम्ही ऑफिसला गेलात की ताई बाहेरची मोठी स्क्रीन उचलून आत नेते, काम करते, आणि तुम्ही यायच्या आत परत टेबलावर ठेवून हबात खोचते. तुम्ही म्हणता ना की स्क्रीन रोज थोडी वाकडी कशी होते, आणि फरशी पुसणाऱ्या बाईंना बोलता. त्या बाईंची पण माफी मागायची होती, वर राहून गेली. तर मशीन पडून नाहीये. मशीनवर चादर असते ती फक्त संध्याकाळी.

शेवटचं ता. क., आणि खरं तर एवढंच लिहायचं होतं. मशीन विकू नका. आणि ती स्क्रीन आतल्या खोलीत राहू द्या. ताईचं मनगट रोज उचलून सुजलंय, तुम्हाला ती बांगडी घट्ट झाली म्हणून सांगते. तुम्ही मॅच त्या पातळ लॅपटॉपवर बघा, हलका आहे, मांडीवर मावतो, त्यासाठीच घेतलात. आणि गेल्या शुक्रवारी तुमच्या ऑफिसच्या टीमला जे नवीन शर्ट मिळाले, खिशावर नाव आणि चिन्ह भरलेले, तुम्ही घरी येऊन ताईच्या नाकासमोर धरलात आणि म्हणालात, बघ, याला म्हणतात काम, हे तुझ्यासारखं घरगुती नाही. ती ऑर्डर गणवेशवाल्या बाईंची होती. तुमचं नाव भरायला तिला सगळ्यात जास्त वेळ लागला, दोनदा उसवून परत भरलं, कारण वेलांटी वाकडी आली होती. तिने तो शर्ट घडी करून कपाटात ठेवला.

हे पत्र टाकायच्या आधी मी तिला वाचून दाखवलंय. म्हटलं, "ताई, दाजी चिडतील." ती दोरा ओवत होती. म्हणाली, "चिडू देत. फक्त तो शर्ट घालून चिडू नका म्हणावं."